'एशिया'चा पहिला अल्बम: चार दिग्गज आणि नऊ आटोपशीर गाणी

फोंडेकर:
आमच्या वाड्यावरील एका निवृत्त तारवट्याने (खलाशाने) आपल्या संग्रहातील काही एलपी नुकत्याच मला दिल्या. त्यांत 'एशिया' या ब्रिटिश बँडचा १९८२ सालचा पहिला अल्बम आहे. वेष्टनावर रॉजर डीन यांनी रंगवलेला ड्रॅगन, आणि वाजवणारे 'किंग क्रिमसन'चे जॉन वेटन (गायन, बास गिटार), 'येस'चे स्टीव्ह हाऊ (गिटार), 'इमर्सन, लेक अँड पामर'चे कार्ल पामर (ड्रम) व 'बगल्स' आणि 'येस' या दोन्ही बँडांत राहिलेले जेफ डाऊन्स (कीबोर्ड). सत्तरच्या दशकातल्या प्रयोगशील रॉकमधली एवढी नावे वाचून लांबलचक, वळणावळणांच्या रचनांची अपेक्षा ठेवली होती. प्रत्यक्षात नऊपैकी एकही गाणे सहा मिनिटांपर्यंत जात नाही. याला तडजोड म्हणावे की विचारपूर्वक केलेली निवड? जाणकारांनी कृपया लिहावे.

म्हापसेकर:
माझ्या मते तडजोडच. १९७२ साली 'येस'मध्ये रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापणारी रचना वाजवलेल्या हाऊंना येथे काही ओळींपुरते डोके वर काढू दिले आहे. १९८१ मध्ये एमटीव्ही ही गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारी वाहिनी सुरू झाली होती, रेडिओला छोटी गाणी हवी होती, आणि हिशेब बरोबर जुळला: अमेरिकेत अल्बम नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. खप झाला, पण प्रयोगशीलता गेली.

साखळीचा श्रोता:
म्हापसेकरांचे आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र पटत नाही. नाट्यसंगीतावर वाढलेल्या आपल्या मंडळींना दिग्गज एकत्र आले म्हटले की १९२१ चे संयुक्त मानापमान आठवते: बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. तेथे दोघांनी आपापल्या पदांत आपापली गायकी दाखवावी, हेच प्रेक्षकांना हवे होते. 'एशिया'ने नेमके उलट केले. नऊही गाण्यांच्या लेखनात वेटन यांचा वाटा आहे, कित्येकांत डाऊन्स यांची जोड आहे, आणि बाकीच्यांचे वादन त्या चालींच्या सेवेला लावलेले आहे.

'हीट ऑफ द मोमेंट' रेडिओवर इतके वाजले की आपण ते नीट ऐकतच नाही. त्याच्या मधल्या भागात जोरकस गिटार मागे सरते आणि हाऊ कोटो हे जपानी तंतुवाद्य छेडतात. काही क्षणांचाच मामला, पण तेवढ्याने गाण्याची हवा बदलते. 'वाइल्डेस्ट ड्रीम्स'मध्ये पामर यांना ड्रमवर मोकळे सोडले आहे, तेही गाण्याचा वेग न मोडता. 'कटिंग इट फाइन' तर गाणे संपल्यावर डाऊन्स यांच्या वाद्यवृंदासारख्या कीबोर्डवर निवांत पसरत जाते. ज्याला मागच्या दशकातली प्रयोगशीलता म्हणतात ती इथे आहे, फक्त तिच्यासाठी गाणे थांबवलेले नाही. (काही ओळी भाबड्या आहेत, हे कबूल, शब्दांसाठी हा अल्बम कोणी ऐकू नये.)

आणखी एक. वेटन यांचा आवाज एकावर एक थर देऊन ध्वनिमुद्रित केला आहे. आपल्याकडे चर्चच्या क्वायरमध्ये गाणाऱ्या मित्राला 'ओन्ली टाइम विल टेल'चे ध्रुवपद ऐकवावे, तो आपणहून खालचा स्वर धरील.

सासष्टीकर:
दोघांचेही थोडे खरे, असे म्हणून विषय गुंडाळण्यापेक्षा पुढचा घटनाक्रम पाहावा. १९८३ मध्ये दुसरा अल्बम 'अल्फा' आला, त्याच वर्षी वेटन बाहेर पडले आणि डिसेंबरात टोकियोच्या बुदोकान सभागृहात त्यांच्या जागी 'इमर्सन, लेक अँड पामर'चे ग्रेग लेक गायले. पुढच्या वर्षी हाऊही बाहेर पडले. मूळ चौघे पुन्हा एकत्र आले ते थेट २००६ मध्ये. 'अल्फा'त तोच साचा पुन्हा वापरताना चालींची ताकद कमी पडली. पहिल्या अल्बमचे यश केवळ बाजाराच्या हिशेबाचे असते, तर दुसराही तसाच चालायला हवा होता. फोंडेकरांनी सध्या दुसरी बाजू आधी लावावी, कारण गाजलेली गाणी पहिल्या बाजूला आहेत आणि वर उल्लेखिलेली 'वाइल्डेस्ट ड्रीम्स' व 'कटिंग इट फाइन' दोन्ही दुसऱ्या बाजूला सापडतील.