कन्सोल सर्व्हरवर सगळ्यायले एकच ॲडमिन लॉगिन हाय, पोर्ट कसे वाटून देऊ?

दिग्रसवाला
भाऊ लोकं, दिग्रस-दारव्हा पट्ट्यात आमचं छोटं इंटरनेटचं काम हाय. टॉवरखालच्या खोलीत १६ पोर्टचा कन्सोल सर्व्हर (दुरून प्रत्येक मशीनीच्या कन्सोलवर जाऊ देणारा डबा) लावला, राउटर, स्विच, ओएलटी (फायबरची कनेक्शनं वाटणारी मशीन) सगळे त्याले जोडले, म्हणजे पावसात नाल्याले पूर आला तरी घरूनच पाहता येते. पण लॉगिन एकच, अन् पासवर्ड पाचही जणायले माहीत. त्यातला एक पोरगा आता काम सोडून पुण्याले चालला. ओएलटीवाल्या नागपूरच्या इंजिनिअरले फक्त त्याचाच पोर्ट द्याचा हाय, अन् रातपाळीच्या पोरायनं नुसतं पाहाव, टाइप नाही करू. कसं करता तुम्ही?

वर्धेकर
प्रत्येकाच्या नावाचं वेगळं खातं काढा, नाहीतर लॉगमध्ये सगळीकडे ॲडमिन एवढंच दिसणार, केलं कोणी ते कळणारच नाही. मग ग्रुप करा अन् पोर्टची परवानगी ग्रुपला द्या, रातपाळीच्या ग्रुपला रीड-ओन्ली. त्या पुण्याच्या पोराचा नुसता पासवर्ड बदलून भागत नाही हां, त्याची एसएसएच की (पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली) बॉक्समध्ये पडून असेल तर तो पासवर्डशिवाय आत येतो, ती पण उडवा. टेलनेट (पासवर्ड उघडाच पाठवणारं जुनं लॉगिन) चालू असेल तर तेही बंद.

खामगावचा_नेटवाला
टॅकॅक्स (लॉगिन तपासणारा वेगळा सर्व्हर) लावून टाक ना भाऊ, नेटवर्कवर टीसीपी ४९ वर चालते, खाते सगळे एकाच जागी.

वर्धेकर
लावा, पण कन्सोल सर्व्हर लागतो कधी, जेव्हा नेटवर्क झोपलेलं असतं तेव्हाच! त्या वेळी टॅकॅक्स सर्व्हरपण दिसत नाही. म्हणून आधी टॅकॅक्स अन् तो पोचत नसेल तरच लोकल (बॉक्समधलंच) खातं, असं ठेवा, अन् एका लोकल खात्याचा पासवर्ड पाकिटात बंद करून मालकाजवळ.

यवतमाळकर७२
पोर्टचं बरोबर हाय सगळं, पण खरी गोम पुढं हाय. एक जण स्विचवर लॉगिन करून तसाच निघून गेला तर त्याच पोर्टवर दुसरा आला का त्याले थेट उघडा प्रॉम्प्ट भेटते, तुमच्या परवानग्या गेल्या चुलीत. सिस्कोत कन्सोलचा एक्झेक-टाइमआउट (काही टाइप केलं नाही तर आपोआप लॉगआउट व्हायचा वेळ) मुळात १० मिनिटं असते पण लोकं कटकट नको म्हणून शून्य, म्हणजे कधीच लॉगआउट नाही, असं करून ठेवतात, ते पाहा पयले. दुसरं, रॅकमधली रिमोट पॉवर स्ट्रिप याच बॉक्सवरून चालते का? कारण राउटरचा पोर्ट अन् त्याचा पॉवर आउटलेट दोन्ही एकाच माणसाच्या हाती असले तर तो बंद-चालू करून ब्रेक (चालू होताना राउटरले थांबवणारा सिग्नल) मारते, रॉममॉनमध्ये (सिस्कोच्या रिकव्हरी मोडमध्ये) घुसते अन् पासवर्डच बायपास करते. कन्सोल म्हणजे जवळपास मशीनीसमोर उभं राहणंच हाय ना बे.

दिग्रसवाला
हाय ना, स्ट्रिप त्याच्यावरच हाय 😬 नागपूरवाल्याले पोर्ट देतो, आउटलेट आमच्याकडंच. पण रातपाळीवाल्यायले रीबूट तर करा लागते कधीकधी, मंग?

यवतमाळकर७२
त्यायले आउटलेट दे, पोर्ट रीड-ओन्लीच राहू दे. ब्रेक मारताच येत नाही मंग.