हायडेलबर्गच्या साउथ एशिया इन्स्टिट्यूटमधली मराठी पुस्तकं कशी शोधावीत?

नीरेकाठ:
धनगरी ओव्या आणि म्हस्कोबा-खंडोबा यांवर प्रबंध लिहितेय. गुंथर सोंथायमर हायडेलबर्ग विद्यापीठाच्या साउथ एशिया इन्स्टिट्यूटमध्ये याच विषयावर काम करत, त्यामुळे लोकसाहित्याची जुनी मराठी पुस्तकं तिथे असणार असं वाटतं. पण कॅटलॉगमध्ये रोमन लिपीत 'धनगर' टाकलं की फक्त इंग्रजी-जर्मन पुस्तकं येतात. माझी शोधायची पद्धत चुकतेय का? आणि पुण्यात बसून हवी ती पानं मिळतील का?

अक्षरजुळणी:
चुकतंय ते स्पेलिंग. ग्रंथालयात लिप्यंतर लिहिलेल्या अक्षरांवरून होतं, उच्चारावरून नाही. आपण 'धन्गर्' म्हणतो म्हणून डी-एच-ए-एन-जी-ए-आर टाइप करतो. लिहिताना मात्र 'न' आणि 'र' दोन्ही पूर्ण असतात, म्हणून नोंदीत डी-एच-ए-एन-ए-जी-ए-आर-ए असं असतं. मधला आणि शेवटचा 'ए' गाळलात की मराठी नोंद हाती लागत नाही. 'लोकसाहित्य' लिहितानाही 'क'नंतर आणि शेवटी 'ए' हवाच.

'च'साठी नुसता सी. सी-एच म्हणजे 'छ'. 'श' आणि 'ष' दोन्हींना एस, वर-खाली चिन्हं असतात ती गाळा, पण पुढे एच लावू नका. 'देशपांडे' हे डी-ई-एस-ए-पी-ए-एन-डी-ई. 'विठ्ठल'मध्ये 'ठ' दोनदा आहे, म्हणून टी-एच-टी-एच; इथे बहुतेक जण अडकतात. 'खंडोबा' मात्र दोन्ही पद्धतींत सारखाच येतो, तेव्हा पहिला शोध त्याच शब्दानं घ्या. देवनागरीत टाकून बघायला हरकत नाही, पण मूळ लिपीतली नोंद असेल तेवढीच पुस्तकं दिसतील.

बेर्गहाइम:
शोध फक्त हायडेलबर्गच्या कॅटलॉगपुरता ठेवू नका. विद्यापीठ 1386चं आणि इन्स्टिट्यूट 1962ची असली, तरी जर्मनीसाठी दक्षिण आशियाविषयीची पुस्तकं गोळा करण्याची जबाबदारी 2005पर्यंत ट्युबिंगन विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे होती. नंतर ती हायडेलबर्गकडे आली. तुम्हाला जुनी पुस्तकं हवीत, म्हणजे ट्युबिंगन बघायलाच हवं. दोन्हींच्या नोंदी के-टेन-प्लस या सामायिक कॅटलॉगमध्ये एकत्र दिसतात.

प्रत्यक्ष जाणार असाल तर जुन्या लेखांतला नॉयेनहायमर फेल्डचा पत्ता धरू नका. 2019पासून इन्स्टिट्यूट बेर्गहाइम भागातल्या आशिया केंद्रात आहे. ग्रंथालयात बसून वाचण्यापुरतं जायचं तर 90 दिवसांपर्यंतचा शेंगेन व्हिसा पुरतो. त्याला किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो.

पोथीवाला:
पानांचं सांगतो. जर्मन कॉपीराइट कायद्याच्या कलम 60-ई प्रमाणे ग्रंथालय अव्यावसायिक कामासाठी प्रकाशित पुस्तकाचा 10 टक्क्यांपर्यंत भाग किंवा नियतकालिकातला एखादा लेख प्रत काढून देऊ शकतं. 300 पानांच्या पुस्तकाची 30 पानं. म्हणून 'पुस्तक स्कॅन करून द्या' असं लिहू नका, नकारच येईल. आधी अनुक्रमणिका मागवा, मग नेमके पृष्ठक्रमांक कळवा. सोबत नोंदीतला शेल्फ क्रमांक आणि आवृत्तीचं वर्ष द्या. लोकसाहित्याच्या पुस्तकांत आवृत्ती बदलली की पानं सरकतात.

कॉपीराइट संपलेलं काही हवं असेल तर पत्र लिहिण्याआधी एफआयडी-फोर-एसए रिपॉझिटरी, म्हणजे दक्षिण आशियाविषयीच्या साहित्याचा ऑनलाइन संग्रह, बघा, तिथे पीडीएफ फुकट उतरवता येतात. आणि सोंथायमरांच्या 1976च्या जर्मन ग्रंथासाठी खटपट नको. ॲन फेल्डहाउस यांनी केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर 1989मध्ये ऑक्सफर्डनं काढलं. आधी ते वाचा आणि त्याच्या संदर्भसूचीतली मराठी नावं एकेक करून शोधा. सूची हाताशी असली की कॅटलॉगमध्ये चाचपडावं लागत नाही.

नीरेकाठ:
शेवटी 'ए' जोडल्यावर मराठी नोंदी दिसू लागल्या, मनापासून आभार! आता 'ज्ञानेश्वर' आणि 'कृष्ण' कसे टाकू?

अक्षरजुळणी:
'ज्ञ' म्हणजे ज आणि ञ, म्हणून जे-एन, डी-एन-वाय नाही. 'श्व'ला एस-व्ही, डब्ल्यू कधीच नाही. पूर्ण शब्द जे-एन-ए-एन-ई-एस-व्ही-ए-आर-ए. 'कृ'मधल्या ऋकाराला नुसता आर, पुढे आय किंवा यू नको: के-आर-एस-एन-ए.