फ्लॅटनिहाय पाण्याचे मीटर बसवले तर खर्च खरोखर कमी होतो का?

कुर्टी_२४
नमस्कार मंडळी. फोंड्यात आमची २४ फ्लॅटची सोसायटी आहे, तळमजला आणि वर तीन मजले. सरकारी मीटर एकच. ओपाच्या सरकारी जलशुद्धीकरण केंद्राचे पाणी खालच्या टाकीत येते, तिथून पंपाने टेरेसवरच्या टाक्यांत चढते. बिल सर्वांना सारखे वाटतो. पाच फ्लॅट वर्षभर बंद असतात, त्यांचे मालक म्हणतात आम्ही का भरायचे? उरलेल्या १९ फ्लॅटमध्ये मिळून ६६ माणसे राहतात. बिलावरचा वापर महिन्याला ४०० घनमीटरच्या आसपास. एप्रिल-मेमध्ये वर आठवड्याला दोन टँकर, प्रत्येकी १०,००० लिटरचे.
पुढच्या आमसभेत प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवण्याचा ठराव येणार आहे. प्लंबर म्हणतो एका फ्लॅटला तीन मीटर लागतील. पैसे वाचतील का? आणि मीटर घ्यायचे तर कोणते?

हिशेबनीस_मडगाव
ठरावाआधी तुमचेच आकडे मांडून बघा. शहरी घरगुती वापरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हा आपल्याकडचा मान्य निकष आहे. ६६ × १३५ × ३० म्हणजे सुमारे २६७ घनमीटर. तुमचे बिल ४०० चे. वरचे १३३ घनमीटर, म्हणजे रोजचे साडेचार हजार लिटरच्या आसपास पाणी, कुठे जाते याचा पत्ता आधी लावा. तुमचे टँकर महिन्याला जेमतेम ८६ घनमीटर भरतात. गळती बंद झाली तर टँकरचा मोठा भाग आपोआप सुटण्यासारखा आहे. फ्लॅटनिहाय मीटरने मात्र यातला बराच भाग दिसणारच नाही, कारण ते मीटर टेरेसच्या टाकीनंतर बसतात आणि गळती बहुतेकदा टाकीच्या अलीकडे असते.

तपासायच्या तीन जागा.

खालची टाकी: रात्री सरकारी पाण्याचा व्हॉल्व आणि पंप दोन्ही बंद करा. भिंतीवर पाण्याच्या पातळीला खडूने खूण करा आणि सकाळी मोजा. टाकीचा तळ ३ मीटर × २ मीटर असेल तर पातळी १ सेंटिमीटर उतरणे म्हणजे ६० लिटर गेले. ही चाचणी पावसाआधीच उरकून घ्या. पावसात जांभ्यातली पाण्याची पातळी वर येते आणि तडा असला तर बाहेरचे पाणी आत शिरते, मग गळती झाकली जाते आणि पाणी दूषित होण्याचा धोका वेगळाच. पातळी उतरली तर मीटरचा विषय बाजूला ठेवून आधी टाकी दुरुस्त करून घ्या.

टेरेसची टाकी: पंप हाताने चालू-बंद होतो का? मिनिटाला १०० लिटर चढवणारा पंप अर्धा तास जास्त चालला की ३,००० लिटर ओव्हरफ्लोमधून गटारात. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवा आणि ओव्हरफ्लोचा पाइप सर्वांना दिसेल अशा जागी सोडा.

फ्लश: टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. रंग भांड्यात उतरला तर तळाचा वॉशर गेला. ताशी १० लिटर गळणारा एक फ्लश महिन्याला ७ घनमीटर घालवतो. बंद फ्लॅटही तपासा, तिथली गळती कुणाच्या नजरेस पडत नाही.

नळकाम
वरच्या हिशेबाशी पूर्ण सहमत. त्यात एक भर: २४ फ्लॅटच्या आधी फक्त टेरेसच्या टाक्यांमधून निघणाऱ्या मुख्य पाइपांवर मीटर बसवा. सरकारी मीटर आणि हे मीटर एकाच वेळी वाचा, टँकर आला तर त्याचे लिटर सरकारी आकड्यात मिळवा. दोन महिने नोंदी ठेवल्या की टाकीपूर्वी किती जाते आणि घरांत किती, ते स्पष्ट होते.

तीन मीटर का, ते प्लंबरने बरोबर सांगितले. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि फ्लश यांचे उभे पाइप डक्टमधून वेगळे उतरतात आणि प्रत्येक मजल्यावर त्यांना फाटा असतो. एकाच फाट्यावर मीटर लावून उरलेला वापर अंदाजाने धरला की भांडण ठरलेलेच. म्हणजे ७२ मीटर. बसवण्यासह एकाचे २,५०० रुपये धरले तर १ लाख ८० हजार. तेवढ्यात किती टँकर येतात ते तुमच्या दराने काढा.

मीटर घ्यायचे तर १५ मिलिमीटरचे, आयएस ७७९ या भारतीय मानकाप्रमाणे, अचूकतेचा वर्ग ब. या वर्गाचे मीटर आडव्या पाइपवर, तबकडी आकाशाकडे ठेवून बसवले तरच अचूकतेची हमी. उभ्या पाइपवर किंवा तिरके बसवले की कमी प्रवाहात ते कमी मोजते. डक्टमध्ये जागा नाही म्हणून प्लंबर नेमके तेच करतात, तिथे उभे राहून काम करून घ्या. मीटरवरचा बाण प्रवाहाच्या दिशेने हवा. मीटरपूर्वी १५ सेंटिमीटर आणि नंतर ७-८ सेंटिमीटर सरळ पाइप ठेवा, दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारा सांधा) आणि अलीकडे बॉल व्हॉल्व, म्हणजे पाइप न कापता मीटर काढता येईल. मीटरच्या तोंडाची जाळी दर तीन महिन्यांनी धुवा. विहिरीचे किंवा टँकरचे पाणी मिसळत असाल तर दर महिन्याला. लाल गाळ जाळीत बसला की धार बारीक होते आणि लोक मीटरला दोष देतात.

हेही लक्षात घ्या: १५ मिलिमीटरच्या वर्ग ब मीटरची अचूकता ताशी ३० लिटरच्या खाली धरलेलीच नाही. ताशी १० लिटरचा गळका फ्लश ते कमी दाखवेल किंवा दाखवणारही नाही. रंगाची चाचणी म्हणूनच मीटर असला तरी करायची.

कुर्टी_२४
फार उपयोगी माहिती. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणतात मीटर लावल्यावर शॉवर आणि गिझरला धारच राहणार नाही. खरे आहे का?

नळकाम
काही अंशी खरे. टाकी टेरेसवर मीटरभर उंच असेल तर वरच्या मजल्याच्या शॉवरला साधारण २ मीटर उंच पाण्याइतकाच दाब मिळतो. १५ मिलिमीटरच्या मीटरमधून मिनिटाला १० लिटर घेतले तर त्यातला ४० सेंटिमीटरपर्यंत दाब मीटरमध्येच खर्ची पडू शकतो. तळमजल्याला हे कळणारही नाही. वरच्या मजल्याच्या न्हाणीघराच्या फाट्यावर २० मिलिमीटरचा मीटर घ्या, तिथे हीच घट १५ सेंटिमीटरच्या आत राहते. बारीक गळती पकडण्यात तो आणखी कमी पडतो, पण न्हाणीघरासाठी चालेल. फ्लशच्या फाट्यावर १५ चाच ठेवा.

पर्वरी_सचिव
पैशांच्या वाटणीबद्दल. मीटरमुळे एकूण बिल कमी होईलच असे नाही, पण ते कुणाच्या खात्यात पडायचे ते बदलते. ठरावातच लिहून घ्या: पंपाची वीज, टाकी सफाई, बाग, जिन्याची धुलाई आणि सरकारी मीटर आणि फ्लॅटच्या मीटरांची बेरीज यांतला फरक हे सर्व फ्लॅटना समान, बंद असलेल्यांनाही. उरलेले बिल आणि टँकर वाचनाप्रमाणे. मीटर बंद पडला तर मागच्या तीन वाचनांची सरासरी, आणि दुरुस्तीची मुदत १५ दिवस. वाचन महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, तबकडीच्या फोटोसह. काळे आकडे घनमीटरचे, लाल लिटरचे. चतुर्थीच्या महिन्यात घरे भरलेली असतात, त्या एका वाचनावरून कुणाला जाब विचारू नका.

सरकारी बिलाचा दर वापराच्या टप्प्यांप्रमाणे चढतो. पाणीपुरवठ्याच्या उपविभागात बिल घेऊन जा आणि दर एका ग्राहकाचा लावला आहे की २४ घरांचा, ते विचारा. एका ग्राहकाचा असेल तर ती नोंद दुरुस्त होते का हे आधी पाहा, त्याला एकही मीटर विकत घ्यावा लागत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये १६ घनमीटरपर्यंत मोफत पाण्याची योजना आली होती. तसल्या सवलती येतात-जातात, तिच्यावर लाखभराचा खर्च टेकवू नका, हातातल्या बिलावर जो दर छापला आहे त्यानेच हिशेब करा.

कुर्टी_२४
देव बरे करो. आमसभेत आता फ्लोट स्विच, खालच्या टाकीची चाचणी आणि टेरेसवरचे मीटर एवढेच मांडतो. दोन महिन्यांच्या नोंदी झाल्या की इथेच टाकेन.