अपॉप्टॉसिसला मराठीत काय म्हणायचं? 'आत्महत्या' नको

रंकाळाकाठ: आईला पार्किन्सन आहे, घरच्यांसाठी सोप्या मराठीत चार पानं लिहितोय. मेंदूतल्या डोपामिन (हालचालींसाठी लागणारं रसायन) तयार करणाऱ्या पेशी मरतात, त्यात मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, बिघडल्याचा वाटा असतो, इथवर जमलं. पुढं अपॉप्टॉसिसला, म्हणजे पेशी ठरल्या क्रमानं स्वतःच संपते त्या क्रियेला, 'पेशींची आत्महत्या' लिहिलं, बरेच जण लिहितात म्हणून. आईनं वाचलं आणि म्हणाली, "माझ्या डोक्यात कोण जीव द्याय लागलंय?" रात्रभर झोप नाही तिला. दुसरा शब्द सांगा.

जीवशास्त्रवाली: बारावीला शिकवते मी. 'नियोजित पेशीमृत्यू' लिहा, आणि मायटोकाँड्रियाला तंतुकणिका. तिच्यातनं सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन बाहेर पडलं की कॅस्पेज नावाची विकरं (एन्झाइम) कामाला लागतात आणि पेशी आतल्या आत सगळं आवरून घेते, शेजारच्या पेशीला धक्का न लावता. गर्भात बोटांमधला पडदा असाच जातो. यात आत्महत्या कुठं आली? आणि मरायच्या पेशी मरेनात झाल्या तर कॅन्सरला वाट मिळते.

करवीरकर: नियोजित म्हणजे कुणीतरी बसून ठरवलेलं, नियोजित वधूसारखं. नको. केर, वायली, करी या शास्त्रज्ञांनी १९७२ साली अपॉप्टॉसिस हा शब्द वापरात आणला, ग्रीकमध्ये अर्थ पानं-पाकळ्या गळणं. त्यातलं प्टॉसिस आणि आपला संस्कृत पत् धातू एकाच मुळाचे, त्यातनंच पतन, पत्र. सरळ 'पेशीपतन' करा.

जीवशास्त्रवाली: पतन म्हटलं की अधःपतनच ऐकू येतं हो दादा.

शिरोळचाऊस: मग पानगळ म्हणा की. आमच्या उसाची खालची पानं आपोआप वाळत्यात, वरनं नवी येत्यात, ऊस काय मरत न्हाई. पाचट म्हंतो आम्ही.

रंकाळाकाठ: पेशींची पानगळ, आवडलं. पण पानगळीनंतर पालवी फुटते, आणि मेंदूच्या त्या पेशी गेल्या की परत येत नाहीत. आई लगेच विचारणार, पालवी कधी? तिला खोटी आशा लावायची नाही मला.

करवीरकर: उभ्या उसाला असतो तो पाला. तोडणीनंतर रानात पडतं ते पाचट.

शिरोळचाऊस: कुणी सांगितलं? आमचा आज्जा उभ्या उसाचं पाचट काढायचा, मीबी काढलंय, हाताला अजून वण हाईत.

करवीरकर: पन्हाळ्याच्या अंगाला विचारा, पालाच म्हणतील.

रंकाळाकाठ: पालवीचं कुणीतरी सांगा की.

शिरोळचाऊस: सांगतो दादा, पण आधी ह्यास्नी इचारा, जनावरास्नी घालतो त्या हिरव्या शेंड्याला काय म्हंत्यात. वाडंच न्हवं?