पाण्याचा क्लेम आणि पब्लिक ॲडजस्टरचे दहा टक्के

सुतारपक्षी (धागाकर्ता, ह्यूस्टन)

आमच्या मराठी ग्रुपवर परवा एकाच्या घरी डिशवॉशरचा होज फुटल्याची बातमी आली. मी "एखाद्या पब्लिक ॲडजस्टरशी बोलून घ्या" असं सुचवलं, तर एका ज्येष्ठ सदस्यांनी लिहिलं, "ही जमात म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी." मी स्वतः टेक्सासचा परवाना असलेला पब्लिक ॲडजस्टर आहे, म्हणून हा धागा.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्लेम केल्यावर पाहणीला येतो तो माणूस विमा कंपनीचा, पगारी असो की कंत्राटी. पब्लिक ॲडजस्टर घरमालकाच्या बाजूने नुकसान मोजतो आणि कंपनीशी बोलतो. टेक्सासात त्याला क्लेमच्या रकमेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त फी घेता येत नाही, सही केल्यापासून ७२ तासांत करार मोडता येतो, आणि त्याच घराच्या दुरुस्तीचं कंत्राट त्याला घेता येत नाही. माझं म्हणणं एवढंच, की पाण्याचा क्लेम दिसतो तेवढा साधा नसतो आणि दहा टक्के महाग नाहीत.

एक किचन सांगतो. कंपनीच्या माणसाने ओलावा मोजायचा मीटर खोलीच्या मधोमध टेकवला, किचनपुरतं लाकडी फ्लोअरिंग आणि एका भिंतीचा बेसबोर्ड, म्हणजे तळाची पट्टी, धरला, ११,४०० डॉलरचा अंदाज दिला आणि गेला. मी खालच्या कॅबिनेटची टो-किक, म्हणजे पायाशी असते ती पट्टी, उचकटली. आतला पार्टिकल बोर्ड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा हाताला सुटत होता. कॅबिनेट बदलायचं तर वरचा ग्रॅनाइट उचलावा लागतो, आणि उचलताना तो सिंकच्या कापाशी तडकण्याची भीती असते. कुठल्याही काउंटरटॉपवाल्याला विचारा. शिवाय फ्लोअरिंग मधे जोड न घेता थेट फॅमिली रूममध्ये गेलेलं, म्हणजे बदलायचं तर तिथलंही. यातलं काहीही पहिल्या अंदाजात नव्हतं. क्लेम २७,००० ला मिटला.

डेस्कवरून

मी टेबलाच्या पलीकडे बसतो. घरांचे क्लेम बघतो, कंपनीचं नाव सांगणार नाही.

पहिला अंदाज अपुरा असतो हे मान्य. पण त्यामागे दर वेळी डाव नसतो हो. पाहणीला आलेल्या माणसाला त्याच दिवशी आणखी घरं करायची असतात. म्हणून तर सप्लिमेंटची, म्हणजे नंतर सापडलेलं नुकसान दाखवून वाढीव रक्कम मागण्याची, सोय आहे. तुमची ती टो-किक घरमालकाने स्वतः काढून, मीटरच्या आकड्यासकट फोटो पाठवला असता तरी मी रक्कम वाढवली असती. बहुतेक कंत्राटदारांकडे एक्झॅक्टिमेट हे दुरुस्तीचा अंदाज काढायचं सॉफ्टवेअर असतं, आम्हीही तेच वापरतो. ओळीला ओळ लावली की वाद घालायला फारसं काही उरत नाही.

आणि मुदतीचं म्हणाल तर टेक्सासचा कायदा घरमालकाच्या बाजूने आहे. सगळे कागद मिळाल्यावर कंपनीला साधारण १५ कामकाजी दिवसांत हो किंवा नाही कळवावं लागतं, हो म्हटल्यावर ५ कामकाजी दिवसांत पैसे द्यावे लागतात. तक्रार करायची तर राज्याचा विमा विभाग फुकट दखल घेतो. मग दहा टक्के कशाचे?

हिशेबनीस

सुतारपक्षी, तुमचाच आकडा घेऊ. टेक्सासात डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला मालकाने सोसायचा वाटा, बहुधा घराच्या विमारकमेच्या १ टक्का असतं. चार लाखांचं घर धरलं तर ४,००० डॉलर.

तुम्ही नसता तर ११,४०० वजा ४,०००, म्हणजे ७,४०० मिळालेच असते. तुमच्यामुळे २३,००० मिळाले. १० टक्के म्हणजे २,३००. त्यातले ७४० डॉलर तुम्ही कशासाठी घेतले? ते पैसे तर आधीच मंजूर होते.

याहून मोठी मेख पुढे आहे. २७,००० हा दुरुस्तीचा खर्च. त्यात ॲडजस्टरच्या फीची ओळ कुठेच नसते. म्हणजे डिडक्टिबलचे ४,००० आणि तुमचे २,३०० मिळून ६,३०० डॉलर मालकाने खिशातून घालायचे, नाहीतर कुठलीतरी खोली तशीच ठेवायची. त्यात पहिला चेक घसारा कापून येतो, उरलेले काम झाल्याची बिलं दाखवल्यावर. कंत्राटदाराचा ॲडव्हान्स आणि तुमची फी दोन्ही त्या पहिल्या चेकवर डोळा लावून बसलेले. हे सही घेताना कुणी समजावून सांगतं का?

सुतारपक्षी

७४० चा मुद्दा बिनतोड आहे. म्हणूनच कंपनीची लेखी ऑफर आधी आलेली असेल तर मी फक्त वाढीव रकमेवर फी लावतो. पण ऑफर येण्याआधी मला बोलावलं, तर "आधीचे मंजूर" असं काही नसतंच.

डेस्कवरून, तुम्ही म्हणता फोटो पाठवला असता तर दिले असते. मालकाला टो-किकच्या मागे बघायचं असतं हे कुठून कळणार? फोनवर तुमच्यापैकी कुणी "कॅबिनेटच्या खाली बघितलंत का" असं विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

गारठलेला ऑस्टिनकर

माझा अनुभव सुतारपक्षींच्या बाजूने. फेब्रुवारी २०२१ ची ती थंडी, विंटर स्टॉर्म उरी. आम्ही तेव्हा नाशिकला. ॲटिकमधला पाइप गोठून फुटला, बेडरूमचं छत गादीवर येऊन पडलं, शेजाऱ्याने मेन व्हॉल्व्ह बंद केला म्हणून खालचा मजला वाचला.

कंपनीचं पहिलं पत्र: घर रिकामं होतं, हीटिंग चालू ठेवल्याचा पुरावा द्या. पॉलिसीत खरोखरच तसं कलम असतं. घरात कुणी नसेल तर उष्णता टिकवण्याची वाजवी काळजी घेतलेली हवी, नाहीतर पाणी बंद करून नळ रिकामे केलेले हवेत. मी तर हातच टेकले होते. आमच्या पब्लिक ॲडजस्टरने स्मार्ट थर्मोस्टॅटची नोंद डाउनलोड करायला लावली. वीज जाईपर्यंत हीटिंग चालू होतं हे तासातासाने त्यात दिसत होतं. सोबत वीजपुरवठा तोडल्याची वेळ जोडली. कंपनीने पुढे तो मुद्दा काढलाच नाही. दुरुस्ती होईपर्यंत राहिलो त्या भाड्याच्या घराचे पैसेही मिळाले. पॉलिसीत ते असतात हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

दहा टक्के दिले, रडलो नाही.

केटीकर

आता दुसरी बाजू ऐका.

हार्वी चक्रीवादळाच्या वेळी, २०१७ साली, आमच्या भागात बार्कर जलाशयाचं पाणी घरांत शिरलं. ते ओसरतं न ओसरतं तोच एक जण दारात, करार घेऊन. म्हणे होमओनर्स पॉलिसीतून काढून देतो. बाहेरून आलेला पूर त्या पॉलिसीत बसतच नाही, त्याला वेगळी फ्लड पॉलिसी लागते, हे त्याला माहीत नसेल? सुदैवाने बायकोने त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

नंतर शॉवरच्या भिंतीत बारीक गळती निघाली. भिंतीतले लाकडी स्टड काळे पडलेले, बुरशीचा वास. कंपनीने "बराच काळ चाललेली गळती" म्हणून क्लेम नाकारला. या वेळी मीच एकाला शोधून करार केला. तो आला, फोटो काढले, कंपनीला दोन पत्रं टाकली आणि मग फोन उचलेना. अचानक फुटलेला पाइप आणि हळूहळू झिरपणारं पाणी यांत पॉलिसी फरक करते, हे त्याने पहिल्या दिवशी सांगून हात वर केले असते तर मी त्याला दुवा दिला असता. टक्केवारीवर काम करणारा माणूस सोपी केस धरतो आणि अवघड केस कुजवतो, असं माझं मत झालंय.

गारठलेला ऑस्टिनकर

केटीकर, तो माणूस वाईट निघाला म्हणून धंदाच वाईट? फ्लोरिडाच्या विधिमंडळासाठी २०१० साली झालेल्या अभ्यासात पब्लिक ॲडजस्टर असलेल्या क्लेमना ७४७ टक्के जास्त पैसे मिळाले, असं वाचलंय.

डेस्कवरून

तो आकडा प्रत्येक पब्लिक ॲडजस्टरच्या वेबसाइटवर टांगलेला असतो. ते क्लेम चक्रीवादळांचे, तेही फ्लोरिडा राज्याने काढलेल्या सिटिझन्स या विमा कंपनीचे. मोठं आणि गुंतागुंतीचं नुकसान असलेलेच ॲडजस्टरकडे जास्त जातात, मग रक्कम जास्त दिसणारच. असे क्लेम मिटायला जास्त वेळ लागतो हेही त्याच अहवालात आहे, ते मात्र वेबसाइटवर नसतं. किचनच्या होजला तो आकडा लावू नका.

पुण्याहून वाचक

कुतूहलाने वाचतोय. इथे भारतात नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरला परवाना आयआरडीएआय या विमा नियामकाचा, पण नेमणूक आणि फी बहुधा विमा कंपनीची. मालकाच्या बाजूने परवाना घेऊन उभा राहणारा सहसा कुणी दिसत नाही. एजंट चांगला असेल तर नशीब, नाहीतर शेवटी विमा लोकपाल. त्यामुळे तुमचं भांडण म्हणजे श्रीमंतांचे लाड वाटतात. (हलकेच घ्या.)

हिशेबनीस

एक राहिलंच. क्लेमची नोंद क्लू रिपोर्टमध्ये, म्हणजे विमा कंपन्यांच्या सामाईक क्लेम-नोंदीत, ७ वर्षांपर्यंत राहते आणि दुसरी कंपनी विमा देताना ती बघते. डिडक्टिबलच्या जेमतेम वर जाणारं नुकसान असेल तर क्लेमच करू नका, हा सल्ला द्यायला टक्केवारीवाल्याची जीभ वळेल?

सुतारपक्षी

वळते. सहा-सात हजारांच्या आतलं काम असेल तर मी कंत्राटदाराचा नंबर देतो आणि निघतो. त्यात माझा धर्मादाय काही नाही, तेवढ्यात माझंही भागत नाही.

केटीकर, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच. नाकारलेला क्लेम आणि कलमाच्या अर्थावरचा वाद हे वकिलाचं काम, आम्हाला कायद्याचा सल्ला देता येत नाही. त्याने तसं सांगायला हवं होतं. त्याच्या परवान्याविरुद्ध विमा विभागाकडे तक्रार करता येते, अजून केली नसेल तर करा.

केटीकर

तक्रार करतो. पण तुम्ही म्हणता तसं "फक्त वाढीव रकमेवर फी" हे तुमच्या छापील करारात आहे, की गिऱ्हाईक हिशेबनीससारखं निघालं तरच?

सुतारपक्षी

छापील नाही. विचारलं तर हाताने लिहून देतो.

हिशेबनीस

मग ज्याने विचारलं नाही त्याचे ७४० गेलेच की. ती ओळ छापून घ्या, आणि ग्रुपवरच्या त्या काकांना काय उत्तर द्यायचं ते मी बघतो.