क्रुशेवोला एक रात्र राहावं का? (नॉर्थ मॅसिडोनिया)

भटक्या_पुणेकर: ऑगस्टमध्ये ओह्रिड आणि बितोला करतोय, मधे क्रुशेवो दिसलं मॅपवर. एवढंसं गाव आहे, राहण्यासारखं आहे का की दुपारी बघून निघावं?

डोंगरवेडी: राहाच! साधारण १३५० मीटरवर वसलंय, बाल्कनमधल्या सगळ्यात उंच गावांपैकी एक. २ ऑगस्ट १९०३ ला इथे ऑटोमन सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि निकोला कारेवच्या नेतृत्वाखाली प्रजासत्ताक उभं राहिलं, टिकलं जेमतेम दहा दिवस, मग तुर्की सैन्याने गाव जाळलं. मॅकेडोनियम स्मारक (१९७४) त्याचंच, बाहेरून पांढरं गोल, आत रंगीत काचा आणि कारेवची समाधी, मला तर तिथून हलावंसंच वाटेना. फक्त २ ऑगस्टच्या आसपास जात असाल तर रूम आधीच बुक करा, तो राष्ट्रीय सण आहे, गर्दी होणारच.

सह्याद्री७७: त्यात भर, इथे व्लाख (बाल्कनमधला एक अल्पसंख्याक समाज) लोकांची जुनी वस्ती आहे आणि त्यांच्या आरोमानियन भाषेला नगरपालिकेत अधिकृत दर्जा आहे, इतक्या छोट्या समाजाला हे मिळालं याचं मला खरंच कौतुक वाटतं. गायक तोशे प्रोएस्कीचं घराणंही इथलंच, २००७ मध्ये अपघातात गेला, त्याचं स्मृतिघर चुकवू नका. आणि पॅराग्लायडिंग करणाऱ्यांमध्ये तर गाव फेमस आहे.

भटक्या_पुणेकर: मग दोन रात्री ठेवतो. जवळच्या प्रिलेप शहरातून बस आहे ना?

डोंगरवेडी: हो, पण परतीची वेळ स्टँडवरच विचारून ठेवा.