खिडकीपलीकडे कुणी आहे का?

धागा चिडून काढते आहे, हे आधीच सांगते.

परवा आईला घेऊन हयातीचा दाखला द्यायला गेले होते. आई एक्याऐंशीची. बाबांमागे तिला निवृत्तिवेतन मिळतं आणि दर नोव्हेंबरात ती जिवंत असल्याचं बँकेला कळवावं लागतं. पूर्वी नौपाड्यातल्या आमच्या शाखेत एक काका बसत. ते मान वर करून "काय आजी, गुडघे काय म्हणतात?" एवढं विचारायचे आणि शिक्का मारायचे. झाला दाखला. आता तिथं काचेमागे एक मुलगा आणि समोर लाल दिव्याचं ठसे घेणारं यंत्र. उजवा अंगठा ठेवला, नाही. डावा, नाही. दहाही बोटं झाली. साठ वर्षं भांडी, धुणी, कणीक. त्यात वयानं कातडी पातळ नि कोरडी होते, बोटांवरच्या रेषांचे उंचवटे झिजतात, मग यंत्राला पकडायला काही उरत नाही. मुलगा म्हणाला, "मग मोबाइलवर चेहऱ्यानं करा." चेहऱ्यावरून घरबसल्या दाखला २०२१ पासून निघतो, आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ती सोय मोठी आहे, हे नाकारत नाही. पण अ‍ॅप सांगतं, पापण्यांची उघडझाप करा. आई डोळे मिटते ती देवापुढे बसल्यासारखी, उघडतच नाही. चौथ्या खेपेला तिनं मोबाइल बाजूला सारला आणि त्या मुलाला म्हणाली, "अरे, मी तुझ्याशी बोलत्येय ना? मग जिवंतच असेन की!"

तो हसला. पण सिस्टिम घेत नाही म्हणाला.

तर ठाणे आणि नवी मुंबईतल्या मंडळींनो, माणूस जाऊन त्या जागी यंत्र, अ‍ॅप, बॉट आल्यावर तुमचं काय झालं ते लिहा. स्वतःची नावं नकोत, बँका-कंपन्यांची तर नकोतच. फक्त कुठून लिहिताय ते सांगा. यंत्रानं भलं केलं असेल तर तेही येऊ द्या.

ऐरोली

मी त्या बॉटच्या बाजूचा माणूस. म्हणजे होतो. इथल्याच एका आयटी पार्कात रात्रपाळीला ग्राहकांशी चॅट करायचो. सुरुवातीला बॉट आमच्या मदतीला म्हणून आला. जुनी हजारो संभाषणं आमच्यापुढं यायची आणि प्रत्येकावर खूण करायची: हा 'रिफंड', हा 'पत्ता बदल', हा 'चिडलेला'. आठ महिने ते केलं. आपण त्याला शिकवतोय हे कुणी लपवलंही नव्हतं. पाळीत बारा जण होतो, त्याचे चार झाले, आणि पुढच्या मार्चात त्या चारांत मी नव्हतो.

ताई, एक आतली गोष्ट सांगतो. बॉट कसा चाललाय हे मोजायला या धंद्यात एक आकडा असतो, त्याला 'कंटेनमेंट' म्हणतात. शंभर लोक आले, त्यातले किती जण माणसापर्यंत न पोचता परत गेले? जितके जास्त, तितका बॉट हुशार. आता गंमत बघा. ज्याचं काम झालं तो, आणि वैतागून ज्यानं मधेच नाद सोडला तो, दोघंही एकाच रकान्यात जमा होऊ शकतात. तुम्ही कपाळावर हात मारून फोन ठेवता तेव्हा तिकडं कुणाच्या तरी पडद्यावरचा हिरवा बाण वर जातो. म्हणून सांगतो, फोन ठेवू नका. 'माणसाशी बोलायचंय' हेच पुन्हा पुन्हा म्हणा, बऱ्याच ठिकाणी तिसऱ्या-चौथ्या वेळी ते पुढं ढकलतात.

सल्ला देतोय खरा. नोकरी गेल्यावर गृहकर्जाचे दोन हप्ते पुढं ढकलता येतील का विचारायला मी फोन लावला. पलीकडून बॉट म्हणाला, "आपली अडचण मी समजू शकतो." असली वाक्यं कुठल्या यादीतून येतात ते मला पाठ आहे. मी फोन ठेवून दिला. गेलो मीही हिरव्या बाणात.

कळवा

आमच्या स्टेशनवरची मजा. तिकिटाची खिडकी चालवायला माणसं कमी, म्हणून टचस्क्रीनची यंत्रं. यंत्र लोकांना जमत नाही, म्हणून यंत्रापाशी कमिशनवर उभा एक माणूस. बहुतेक वेळा रेल्वेतूनच निवृत्त झालेले काका. पावसाळ्यात ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, तेव्हा आपण नुसतं "एक रिटर्न घाटकोपर" म्हणायचं, काका शर्टाला बोट पुसून टकटक करतात. मला तर हीच व्यवस्था आवडते!

ठाणे पश्चिम, सिद्धेश्वर तलावाजवळ

बँकेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. ताई, आधी कामाचं सांगतो. कागदावरचा हयातीचा दाखला बंद झालेला नाही. छापील फॉर्म घेऊन जा, खातेदार समोर हजर असेल तर अधिकाऱ्यानं सही करायची असते. "घेत नाही" म्हणाले तर "तसं लेखी द्या" एवढंच शांतपणे म्हणा.

आता माझं. संगणकाविरुद्ध घोषणा देणाऱ्यांत मी होतो. बँकांतल्या यांत्रिकीकरणावर रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा, त्याच्या मागेपुढे आमच्या संघटनांत दुसरा विषयच नसायचा. माणसं जाणार, ही भीती खोटी नव्हती. पण ज्या कामासाठी आम्ही भांडत होतो ते कसलं होतं, हेही सांगायला हवं. जून आणि डिसेंबरात सहामाही. हातानं व्याज काढायचं, लेजर जुळवायचं. फरक आला की रात्री अकरापर्यंत शोध. फरकाला नऊनं भाग गेला तर समजायचं की कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ५४ च्या जागी ४५. मग पानन्‌पान चाळा. बायका-मुलं घरी जेवायची थांबलेली. पुढं लेजर पोस्टिंगचं यंत्र आलं नि हे संपलं. त्या यंत्रावर काम करायचा भत्ता मिळत होता, तो मी मुकाट घेतला.

तेव्हा यंत्र आमच्या बाजूला ठेवलं गेलं होतं, खिडकीच्या आत. गिऱ्हाइकाला अजून आमचंच तोंड दिसायचं. सही थोडी हललेली असली तरी "हे त्यांचंच, पक्षाघातानंतर हात कापतो" असं म्हणणारा कुणीतरी शाखेत असे. तुमच्या आईंना भेटला नाही तो हा माणूस.

कोपरखैरणे

मॉलच्या पार्किंगमधून बाहेर पडताना कॅमेरा नंबर वाचतो नि दांडा उचलतो. माझ्या पाटीवरचा बी त्याला आठ दिसतो. मागं गाड्यांची रांग, भोंगे. मदतीचं बटण दाबलं तर आवाज आला, "सर, आप कौन से शहर में हैं?" शेवटी झाडूवाल्या मावशींनी दांडा हातानं वर धरला. त्यांना सवय होती म्हणे.

नेरुळ

वीस वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. २०१७ च्या एप्रिलमध्ये गूगलचं नवं न्यूरल तंत्र मराठीत आलं. त्याआधी यंत्राच्या मराठीला आम्ही पोट धरून हसायचो. 'आता बुक करा'च्या जागी 'आता पुस्तक', असला प्रकार. आता हसू येत नाही, कारण वाक्य गुळगुळीत असतं. आता मला भाषांतर देतच नाहीत, यंत्रानं केलेलं 'फक्त तपासा' म्हणतात, आणि शब्दाला निम्म्याहून कमी पैसे. तपासायला वेळ मात्र तेवढाच लागतो. पूर्वीची चूक दगडासारखी दातांखाली यायची, आताची भातात मिसळून जाते. औषधाच्या पत्रकात गोळी 'दिवसाआड' घ्यायची होती, यंत्रानं 'दररोज' केलं होतं. वाक्य सुरेख. एक काना चुकलेला नाही. मूळ कागद शेजारी ठेवून शब्दन्‌शब्द वाचला म्हणून सापडलं. वाचला नसता तर?

आणि ऐरोलीच्या दादांचा बॉट! तुम्ही कधी ऐकलंय का, आवाज बाईचा आणि म्हणते काय, "मी आपली मदत करतो." एक तर बाई 'करते' म्हणेल. दुसरं म्हणजे मराठीत कुणाची मदत करत नाहीत, कुणाला मदत करतात. हे हिंदीतून आलंय, इतकं सरळ आहे. एका बँकेच्या पानावर तर मी पहिल्या ओळीत 'आपण', दुसरीत 'तुम्ही' आणि शेवटी 'तुझा पासवर्ड' होते. चार ओळींत इतकी घसट वाढलेली मी तरी पाहिली नव्हती.

बेलापूर

सातवीला मराठी शिकवते. 'माझी आजी' निबंध घरून लिहून आणायला सांगितला. तीसेक वह्यांत आजी 'कुटुंबाचा आधारस्तंभ' आणि 'संस्कारांची शिदोरी'. सगळ्यांच्या आज्या पहाटे उठून गोष्टी सांगतात. पहाटे कोण गोष्टी सांगतं हो? एका वहीत मात्र होतं, "माझी आजी मिशरी लावते आणि पप्पांना सांगू नको म्हणून मला दहा रुपये देते." शुद्धलेखनाच्या नऊ चुका. दहापैकी दहा दिले.

खारघर

उलटी बाजू मी मांडतो. मला दिसत नाही. २०१६ नंतर नोटांचे आकार बदलले आणि बोटांना पाठ असलेलं सगळं पुसलं गेलं. रिक्षावाल्याला पन्नास दिले की पाचशे, हे त्याच्या प्रामाणिकपणावर. रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२० ला 'मनी' नावाचं अ‍ॅप काढलं, नोटेवर कॅमेरा धरला की ती कितीची ते बोलून सांगतं, इंटरनेटशिवायही. आता तर फोन मला औषधाची पट्टी, कुरिअरवरचा पत्ता, सोसायटीची नोटीस वाचून दाखवतो. पूर्वी यासाठी शेजारच्या वहिनींची वाट बघावी लागे. त्या कधीच नाही म्हणाल्या नाहीत, पण मागणं ते मागणंच. तेव्हा 'माणूस बरा होता' हे ऐकताना मी जरा गप्प बसतो.

तरी दोन तक्रारी आहेत. लिफ्टचे उठावदार अंकांचे खटके काढून सपाट काचेचं पॅनेल बसवलं, त्यामुळे मी हल्ली कुठल्याही मजल्यावर उतरतो. दुसरी, संकेतस्थळं विचारतात, "तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा, सिग्नल असलेले चौकोन निवडा." काही ठिकाणी ऐकून उत्तर द्यायची सोय असते, बऱ्याच ठिकाणी नसते. म्हणजे माणूस ठरायला आधी दिसायला हवं.

वागळे इस्टेट

हा भाग एमआयडीसीची पहिली वसाहत. मी इथं टर्नर होतो. लेथवर 'दोन सूत कमी कर' म्हटलं की हाताला कळायचं, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं आली, पाच जणांचं काम एक पोरगा बटणावर करू लागला. मी त्या पोराच्या हाताखाली शिकलो, दोन वर्षं काढली, मग कारखानाच गेला. त्या रस्त्यावर आता काचेच्या इमारती आहेत. त्यातल्याच एकीत माझा मुलगा बसतो. परवा जेवताना विचारत होता, "बाबा, तेव्हा तुम्ही काय केलं होतं?" मी म्हटलं, रिक्षा काढली. तो काही बोलला नाही.

घोडबंदर रोड

सोसायटीत तीन पाळ्यांत मिळून सहा वॉचमन होते. कॅमेरे, अ‍ॅप आणि आपोआप उघडणारं गेट आल्यावर दोन ठेवले. मासिक देखभाल खर्च कमी होणार, म्हणून सभेत मीही हात वर केला होता.

माझ्या सासऱ्यांना विसरायचा आजार. एका पहाटे साडेपाचला ते उठून बाहेर पडले. बिल्ल्यावर गेट उघडतं, तो त्यांच्या गळ्यात होताच, कारण हरवले तर उपयोगी पडेल म्हणून मीच अडकवला होता. सात वाजता शोधाशोध. फुटेज बघितलं तर चित्र इतकं स्वच्छ की बंडीची बटणंसुद्धा मोजता यावीत. गेटपाशी ते थांबले, केबिनकडं बघितलं, कुणीतरी हाक मारेल म्हणून वाट पाहिल्यासारखे. जुने वॉचमन असते तर "काका, चप्पल कुठाय?" म्हणून त्यांनी हाताला धरून खुर्चीत बसवलं असतं. बसवायचेही, दोन-तीनदा.

साडेनऊला सापडले, कासारवडवलीच्या नाक्यावर चहाच्या टपरीवर. टपरीवाल्यानं त्यांना अनवाणी बघून आत बसवलं होतं, दोन चहा पाजले होते, पैसे घेतले नाहीत. पुढच्या सभेत मी पहाटेच्या पाळीला माणूस ठेवायचा ठराव मांडला. तीन मतांनी पडला. पुन्हा मांडणार आहे.

नौपाडा (धागा काढणारी)

घोडबंदरच्या ताई, ठराव पुन्हा मांडाल तेव्हा हे सगळं वाचून दाखवा, माझी हरकत नाही. खारघरचे दादा, लिफ्टचं सोसायटीला पत्र लिहायचं असेल तर मजकूर मी करून देते.

सिद्धेश्वर तलावाच्या काकांचं ऐकून छापील फॉर्म घेऊन आईला पुन्हा नेलं. "लेखी द्या" म्हणायची वेळच आली नाही. आतून एक अधिकारी बाई आल्या, आईसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा आजी, नाव काय तुमचं?" आईनं नाव सांगितलं, मग माहेरचं सांगितलं, मग बाबांच्या बदल्यांची गावं सांगायला लागली. बाईंनी सगळं ऐकून सही केली. पंधरा मिनिटं लागली. त्यातली चौदा आईची.

डिसेंबरची पेन्शन जमा झाली. मोबाइलवर मेसेज आला, 'प्रिय श्री.', आणि पुढं आईचं नाव.